भरून आलेला डबा

'उद्योगातले समाधानाचे क्षण' या विषयावर लिहा, असा दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आला आणि मला हसू फुटलं. समाधान म्हणतात ते माझ्या वाट्याला बेतानंच आलं. धास्ती मात्र रोज उशाला असायची. आता धंदा बंद करून बरीच वर्षं झाली, गुडघे बोलायला लागले, तरी कुणाच्या बारशाला गेले की माझा हात आधी ताटातल्या लाडवाकडे जातो, तो नाकाशी धरायला. सुना म्हणतात, "आई, खा की आता निवांत." निवांत कसं खायचं ते मला कुणी शिकवलंच नाही.

नव्वदच्या दशकात मी पाचगणीत मुलांसाठी फळांच्या वड्या करत होते. चूल नाही, भट्टी नाही, तळण नाही. खजूर, मनुका, अंजीर आणि हंगामात स्ट्रॉबेरी, हे सगळं कुटायचं, मळायचं, थापायचं आणि कापायचं. दूध नाही, तूप नाही, गव्हाचं पीठ नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेंगदाणा नाही. सातारा-सांगलीच्या माणसाला हे शेवटचं वाक्य दोनदा वाचावं लागेल. आमच्याकडे कूट भाजीत, कूट कोशिंबिरीत, कूट आमटीत. उपास असला तर कूट जास्तच. शेंगदाण्याशिवाय स्वयंपाक म्हणजे नवऱ्याशिवाय लग्न.

हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते केतकीच्या आईमुळे. केतकी आठ वर्षांची, पाचगणीतल्या एका निवासी शाळेत. वडील सैन्यात, आज इथं तर उद्या तिथं. आई पुण्यात नोकरीला. या मुलीला शेंगदाणा बाधायचा. बाधायचा म्हणजे पोट दुखायचं असं नव्हे. ओठ सुजायचे, अंगावर गांधी उठायच्या, घसा आवळायचा. गावातल्या डॉक्टरांनी 'ॲलर्जी' असा शब्द सांगितला होता, पण तेव्हा तो शब्द ऐकून लोक लाडावलेल्या पोरांची आठवण काढत. मी तेव्हा स्ट्रॉबेरीचा जाम करून बाजारात विकत होते. साताऱ्यात फळप्रक्रियेचं छोटं शिक्षण घेतलं होतं, त्यावर चाललं होतं. केतकीची आई माझा पत्ता काढत घरी आली.

"मुलीला खायला काही नाही असं नाही," ती म्हणाली. "चार वाजता सगळ्यांना चिवडा, चिक्की, लाडू मिळतो. हिला वेगळ्या टेबलावर केळं. मला असं काहीतरी करून द्या, जे सगळी मुलं खातील. म्हणजे ती त्यांच्यात बसेल."

मी आष्ट्याजवळच्या एका खेड्यातली, बौद्ध कुटुंबातली. लहानपणी गावातल्या लग्नांत आमची पंगत वेगळी आणि सगळ्यांत शेवटी असायची. आमटी तोवर पाणी व्हायची. पण आमटीचं मला कधी काही वाटलं नाही, लांब बसून दुसऱ्यांचं जेवण बघत राहण्याचं वाटायचं. परवडेल का, जमेल का, काही न विचारता मी हो म्हणून बसले. माझा स्वभावच असा, आधी उडी, मग पाणी किती आहे ते बघायचं.

पाणी बरंच खोल निघालं. पहिली वडी माझ्या सवयीच्या पाट्यावर वाटली आणि मग लक्षात आलं, या पाट्यानं जन्मभर कूट खाल्लंय. दगड तेल पितो, धुऊन जात नाही. मग नवा पाटा-वरवंटा आणला, टाकीवालीला बोलावून दगडाला टाकीचे टोचे मारून घेतले. नवी पातेली, नवी फडकी, झाकणाचे नवे डबे. खजूर हाताला गच्च चिकटतो, म्हणून आमच्या बायका हाताला शेंगतेल लावतात. ते बंद केलं आणि थंड पाण्याचा हात लावायला शिकले. वडी वडीला चिकटू नये म्हणून कुटात घोळवायची रीत, त्याऐवजी सुक्या खोबऱ्याचा कीस घेतला. तो डॉक्टरांना आणि केतकीच्या आईला आधी विचारून. मनुका तासगावकडच्या. आष्ट्याहून माझा भाऊ एसटीनं पोतं पाठवायचा आणि मी स्टँडवर येरझाऱ्या घालायची. प्रत्येक गाडीच्या टपावर माझे डोळे.

स्ट्रॉबेरीची आणखी वेगळी तऱ्हा. ती सगळी पाण्यानं भरलेली. गर फडक्यात बांधून चक्क्यासारखा टांगायचा, मग ताटात पसरून उन्हात वाळवायचा. पण पाचगणीचं थंडीतलं ऊन म्हणजे सरकारी पाहुणा, आला म्हणेपर्यंत निघाला. म्हणून मी ताटं घेऊन पसरणीचा घाट उतरून वाईला जायची. तिथं नणंदेच्या गच्चीवर गर वाळवायचा, वर फडकं बांधायचं, कावळे हाकत बसायचं आणि संध्याकाळी परत घाट चढायचा. कंडक्टर म्हणायचा, "बाई, ऊन आणाय गेला हुता व्हय?" मी म्हणायची, "हो, माझं तिकीट फाडा, उन्हाचं नको."

घरात शेंगदाणा बंद झाला त्याचा खरा मार बसला आमच्या ह्यांना. टपाल खात्यातला साधा माणूस, व्यसन एकच, संध्याकाळी गरम शेंगदाणे. ते कोपऱ्यावर उभं राहून खायचे, रस्त्यावरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायचे, चूळ भरायचे आणि मग घरात यायचे. शेजाऱ्यांना वाटायचं, माणूस दारू पिऊन येतोय.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. मुंबईहून फिरायला आलेल्या एका आजीबाईंनी विचारलं, "उपासाला चालते का?" चालते म्हटलं. "दाण्याची आहे ना?" नाही म्हटलं. "मग कसली उपासाची!" म्हणून त्या तावातावानं निघून गेल्या. एक पारशी म्हातारे दर शनिवारी नातवासाठी म्हणून वड्या न्यायचे. पुढं कळलं, त्यांना नातू नव्हता, दातही नव्हते. साताऱ्यातला एक व्यापारी माल ठेवायला तयार झाला, पण वडी मोडून बघत म्हणाला, "बाई, नुसता खजूर-मनुका घालून मरताय कशाला? निम्मा कूट घाला की. पोरं काय वळखत्यात व्हय?" मी डबा उचलून चालायला लागले. मागून तो ओरडला, "आवं, धंदा असा हुत न्हाई!" त्याचं खरंच होतं. माझा धंदा तसा कधी झालाच नाही.

पण शाळेत वडी चालली. चार वाजता सगळ्या मुलांना एकच वडी, आणि केतकी मधल्या बाकावर, दोन मैत्रिणींना खेटून. मी खिडकीतून बघितलं. ती दुसऱ्या मुलीच्या हातातली अर्धी वडी ओढून खात होती. पोरीला आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी हिसकावून खाता आलं असेल. मला रडू आलं आणि लगेच धास्तीही वाटली, की आता ही डोळे झाकून खाणार, म्हणजे डोळे उघडे ठेवायचं काम माझं.

ते काम शाळेत करायची इंदूआक्का. स्वयंपाकघराची मुख्य, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, इस्लामपूरकडची. घरी उसाची शेती, मुलगा सैन्यात, नवरा गेल्यावर भावकीशी पटेना म्हणून इथं येऊन राहिलेली. हाताला चव अशी की मुलं सुट्टीत घरी जाऊन आयांना नावं ठेवत. केतकीची भाजी ती कूट घालायच्या आधी वाटीत काढून ठेवायची, कधी चुकली नाही. माझ्याशी मात्र कामापुरतं बोलायची. मी वड्यांचा डबा आणून स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवायचा, तो ती आत न्यायची. संध्याकाळी डबा बाहेर कट्ट्यावर, राखेनं घासलेला, पालथा घातलेला.

आमच्या भागात कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत. भाजी आली तर जाताना त्यात मूठभर साखर, चार लिंबं, काही नसलं तर दोन मिरच्या. रिकाम्या डब्यानं घरोबा तुटतो. माझा डबा तीनेक वर्षं रिकामा येत होता. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही, दोघींना माहीत होतं. ती माझी वडीही कधी तोंडात घालायची नाही. वाईट वाटायचं का? वाटायचं. रोज वाटायचं. पण मुलीची भाजी वेगळी काढणारी बाई होती, म्हणून मी गिळत होते.

एका हिवाळ्यात शाळेत फोन आला, आक्काचा मुलगा लष्करी दवाखान्यात आहे. काय झालं, कसं झालं, काही कळेना, लाइन तुटली. मी त्या दिवशी खजूर आणायला साताऱ्याला निघाले होते. आक्का स्टँडवर उभी, चेहरा पांढराफटक. "कुठं जायचं, कुणाला इचारायचं, मला कायबी ठावं न्हाई," म्हणाली. मी तिला बरोबर घेतलं. खजूर राहिला बाजूला. लष्कराची कचेरी शोधली, साहेबाला गाठलं. तो म्हणाला, चौकशी करतो, बसा. बाकावर बसलो. मी दर पाच मिनिटांनी उठून आत डोकवायची, आक्का दगडासारखी बसलेली.

दुपार टळली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. मी माझी भाकरी-मेथीची पुरचुंडी सोडली, अर्धी तिच्यासमोर कागदावर ठेवली आणि तोंड दुसरीकडे केलं, तिला संकोच नको म्हणून. बराच वेळ काही आवाज आला नाही. मग भाकरी मोडल्याचा आला.

"भाजीत कूट न्हाई व्हय?" तिनं तोंडात घास असताना विचारलं.

"घरात आणतच नाही."

"त्या केतकीपायी?"

"हो."

तिनं दुसरा घास मोडला. "लय अवघड की गं," म्हणाली.

त्या 'गं'नं मला काय वाटलं ते आता सांगत नाही. संध्याकाळी साहेबानं बोलावलं. मुलाचा पाय मोडला होता, जिवाला धोका नव्हता, बरा झाला की सुट्टीवर येणार होता. आक्कानं तिथल्या तिथं त्या साहेबाच्या टेबलाला हात लावून नमस्कार केला.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. स्ट्रॉबेरीचा पहिला माल निघाला होता, लाल वड्या मुलांना फार आवडायच्या. संध्याकाळी डबा आणायला शाळेत गेले तर कट्ट्यावर डबा नाही. स्वयंपाकघराच्या दारात आक्का उभी, दोन्ही हातांत माझा डबा, तोंडभर हसू.

"घे. घरच्या हायत. गावाकनं नव्या शेंगांचं पोतं आलंय, भाजून, चोळून, पाखडून घातल्यात. तुज्या घरात चालत न्हाईत ठावं हाय मला, पर मालकास्नी दे, कोपऱ्यावर उभा ऱ्हाऊन खात्यात म्हनं."

डबा जड होता, अजून कोमट होता. मला आनंद झाला, मी डबा छातीशी धरला. आणि त्याच क्षणी पायाखालची जमीन सरकली.

"आक्का, डबा रिकामा होता ना?"

"तळाला चार वड्या हुत्या. त्या आत्ता केतकीला दिल्या की. खेळून उशिरा आली बिचारी, म्हटलं तिची वडी ऱ्हायली."

"शेंगा घातल्यावर काढून दिल्या?"

"व्हय. कागद हुता की मधी." मग तिचं हसू विझलं. "वडी तुजी हाय, तिला म्या शेंगदाणा कुटं दिला?"

चिकट वडी, भाजलेले दाणे, त्यांची उडणारी लाल सालं आणि मध्ये एक फाटका कागद. मी डबा तिथंच टाकला आणि पळाले. मैदानाच्या पायऱ्यांवर केतकी बसली होती, ओठांना बोटं लावून. "काकू, घसा खाजतोय," म्हणाली. आवाज तिचा नव्हता. शाळेची जीप मिळाली. मागून आक्का अनवाणी धावत आली आणि जीपमध्ये चढून तिनं मुलीला मांडीवर घेतलं. दवाखाना येईपर्यंत केतकीचे डोळे सुजून मिटले होते आणि श्वासाला शिट्टी लागली होती. मी डॉक्टरांना दारातूनच ओरडून सांगितलं, शेंगदाणा लागलेली वडी खाल्लीय. त्यांनी एक शब्द न बोलता इंजेक्शन दिलं. आम्ही दोघी भिंतीला टेकून उभ्या. आक्का पुटपुटत होती, देवाचं नाव नव्हे, "माज्या हातानं, माज्या हातानं," एवढंच. हळूहळू ती शिट्टी कमी झाली. केतकीनं पाणी मागितलं. मी बाहेर जाऊन ओकले.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक मॅडमच्या खोलीत आम्हाला बोलावलं. मॅडम उत्तरेकडच्या, शिस्तीच्या, मराठी कामापुरतं. केतकीची आई पहाटेच्या गाडीनं आलेली, डोळे लाल. माझ्या वड्या बंद होणार हे मी धरून चालले होते. पण मॅडमचा रोख माझ्याकडे नव्हता.

"दुसऱ्याच्या डब्यात शेंगदाणे कशासाठी घातले?"

"रिकामा डबा कसा द्यायचा, बाई?" आक्का म्हणाली.

"खोटं बोलू नका. वॉचमन सांगतो, तीन साल डबा रिकामाच बाहेर ठेवत होता. मग कालच क्यों? या मुलीचं जेवण वेगळं करावं लागतं, जादा काम होतं, म्हणून केलं?"

आक्कानं मान खाली घातली. तिला उत्तर माहीत होतं, पण ते तिच्या तोंडून निघणार नव्हतं. आपण तीन वर्षं काय करत होतो, हे ती माझ्यासमोर कोणत्या तोंडानं सांगणार? आणि सांगितलं नाही तर तिची नोकरी जाणार होती, तीही लहान मुलीच्या वाईटावर टपलेली बाई म्हणून. मी खुर्चीच्या पाठीला घट्ट धरलं होतं. हे चारचौघांत मोठ्यानं बोलायचं माझ्यावरच यावं, याचा मला राग आला. अजून येतो.

"मॅडम, मी सांगते," मी म्हणाले. "आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा देत नाहीत. माझा देत होत्या, कारण आम्ही बौद्ध. माझ्या डब्यात स्वतःच्या शेतातलं घालायचं म्हणजे मला आपलं म्हणायचं. ते आक्कांनी काल पहिल्यांदा केलं. मुलीचं वाईट करायला नाही केलं."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आक्काचे खांदे हुंदक्यांनी हलत होते. केतकीची आई आमच्याकडे वळली. मग तिनं आक्काला विचारलं, "माझ्या मुलीच्या भाजीत कधी कूट गेलं होतं?"

"न्हाई. तिची भाजी म्या पयली काढती. पोरीच्या गळ्याची शपत."

"यांना काढू नका," ती मॅडमना म्हणाली. "आणि वड्याही बंद करू नका. मुलगी पुन्हा एकटी बसेल."

मॅडमनी दोन्ही मान्य केलं, पण नियम घातला. उरलेल्या वड्या फेकायच्या, आणि बाहेरून आलेला डबा धुऊन, पुसून, झाकण उघडं ठेवून फाटकावर रिकामाच द्यायचा. त्यात कुणी काहीही घालायचं नाही. "तुम्हीच सांगा त्यांना नीट," असं मॅडम मला म्हणाल्या.

सांगितलं मी. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं, "आक्का, इथून पुढं माझा डबा रिकामाच द्यायचा." ती "बरं" म्हणाली आणि परातीतलं पीठ मळत राहिली. ज्या एका गोष्टीची मी इतकी वर्षं वाट बघितली, ती माझ्याच तोंडानं बंद करून मी घाट रस्त्यानं उगाचच लांबपर्यंत चालत गेले. घरी जावंसं वाटेना. ज्याच्याशी हे बोलावं असं कुणी नव्हतं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मुलगी वाचली ना, मग?" मुलगी वाचली होती. बरोबरच होतं त्यांचं. तरी मला दोन रात्री झोप आली नाही.

डबे रिकामे येऊ लागले. मीही वड्या नेऊन देत होते. आक्का आणि मी एकमेकींच्या नजरेला नजर देत नव्हतो. तिला वाटायचं, मी चारचौघांत तिची लाज काढली. मला वाटायचं, ती आता पुन्हा पहिल्यासारखी झाली. हे आम्ही बोललो नाही, पण अशा गोष्टी हवेतूनच कळतात.

मग एका रविवारी दुपारी दार वाजलं. आक्का. पाचगणीत इतकी वर्षं राहून तिनं आमच्या घराचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. डोक्यावर पदर, दोन्ही हात मोकळे. ते तिनं माझ्यासमोर पुढं करून दाखवले, तळहात वर करून.

"कायबी आणल्यालं न्हाई," म्हणाली. "साबणानं धुऊन आले, नखंबी काढल्यात." आणि माझ्या बाजूनं सरळ आत गेली, बाहेरच्या खोलीत थांबली नाही, स्वयंपाकघरात जाऊन भिंतीशी मांडी घालून बसली.

"काय असंल ते वाढ, सुमन."

भाकरी होती, वांग्याची भाजी होती, कालची आमटी होती. ताट मांडलं. तिनं वांग्याचा घास घेतला, चावला, आणि तोंड वाकडं केलं.

"बिनकुटाचं लय पानचट लागतंय गं," म्हणाली आणि ताट पुढं सरकवलं. "आणि वाढ."